टपावरचे ऊन

गाडीच्या छताला मराठीत टप म्हणतात, आणि टप ही फार वर्षे ओझ्याची जागा होती. एसटीच्या जुन्या गाड्यांना मागच्या बाजूला लोखंडी शिडी असे. तिच्यावरून हमाल वर चढे आणि ट्रंका, वळकट्या, आंब्याच्या करंड्या दोरीने आवळून बांधी. माणसे आत, संसार टपावर. राहत्या गाडीत, म्हणजे कॅम्परव्हॅनमध्ये, हे उलटे होते. ओटा, पलंग, फ्रीज, पाण्याची टाकी सगळे आत मांडले जाते आणि टप मोकळा राहतो. त्या मोकळ्या टपावर दिवसभर ऊन पडते. विजेच्या खांबापासून दूर, एखाद्या पठारावर किंवा खाडीकाठी चार दिवस मुक्काम करायचा, तर गाडीला मिळणारी वीज याच उन्हातून यावी लागते.

टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीचा टप साधारण पाच मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद धरला, तर क्षेत्रफळ पावणेनऊ चौरस मीटर होते. स्वच्छ दिवशी भर दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट शक्ती पडते. म्हणजे माध्यान्ही या टपावर चार मोठे गीझर चालतील एवढी शक्ती ओतली जात असते आणि पत्रा तापवून ती नुसता उकाडा होऊन आत उतरते. सौर पॅनल बसवणे म्हणजे त्या उकाड्यातला काही वाटा दुसऱ्या वाटेने वळवणे. वाटा मोठा नसतो. हवा बाहेर फेकणारा पंखा, उजेडाची खिडकी, सामानाचे कॅरिअर यांना जागा सोडल्यावर पॅनलसाठी तीन-चार चौरस मीटर उरतात, आणि चांगले पॅनलही अंगावर पडलेल्या उन्हापैकी २० ते २२ टक्क्यांचीच वीज करते. तरीही दोन चौरस मीटरहून थोड्या जास्त जागेत २०० वॅटची दोन पॅनल बसतात, आणि दोन माणसांच्या गाडीला तेवढी पुरतात.

प्रकाश पडला की काही पदार्थांतून वीज निघते, हे फ्रान्सच्या एडमंड बेकरेल यांनी १८३९ मध्ये दाखवले. कामाला येईल इतकी वीज देणारा सिलिकॉनचा सेल हाती यायला मात्र आणखी ११५ वर्षे गेली. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत डॅरिल चॅपिन, कॅल्विन फुलर आणि जेराल्ड पिअर्सन यांनी तो १९५४ मध्ये सिद्ध केला. त्याची कार्यक्षमता सहा टक्क्यांच्या आसपास होती. त्याआधी तीनच वर्षे, १९५१ मध्ये, जर्मनीतल्या वेस्टफालिया कारखान्याने फोक्सवॅगनच्या डबागाडीत बसवायची ‘कॅम्पिंग बॉक्स’ काढली होती. राहती गाडी आणि सौर सेल अशा रीतीने जवळजवळ एका वयाची भावंडे. पण सेल आधी आकाशात गेला. १७ मार्च १९५८ रोजी सोडलेल्या व्हॅनगार्ड-१ या उपग्रहात दोन ट्रान्समीटर होते. साध्या बॅटरीवरचा काही महिन्यांत मुका झाला; सौर सेलवरचा १९६४ पर्यंत बोलत राहिला. १९ एप्रिल १९७५ रोजी अवकाशात गेलेल्या भारताच्या ‘आर्यभट’लाही वरची-खालची बाजू सोडून सगळ्या अंगांवर असेच सेल होते. उपग्रह हे एका अर्थी पहिले राहते वाहन: तारेने कुठेच न जोडलेले, आणि दिवसाच्या कमाईवर रात्र काढणारे.

काम सुरू होते ते पाना हातात घेऊन नव्हे. आधी कागद-पेन्सिल लागते. गाडीत कोणती वस्तू किती वॅटची आणि दिवसात किती तास चालणार, यांचा गुणाकार करून वॅट-तास मांडायचे. बारा व्होल्टवर चालणारा चाळीस-पन्नास लिटरचा फ्रीज उन्हाळ्यात दिवसाला सुमारे ५०० वॅट-तास घेतो. वीस वॅटचा पंखा बारा तास चालला की २४०. पाच-पाच वॅटचे चार दिवे चार तास, ८०. दोन मोबाइल आणि एक लॅपटॉप मिळून १५०. पाण्याचा साठ वॅटचा पंप दिवसात सगळा मिळून पाव तास चालतो, त्याचे १५. बेरीज ९८५, म्हणजे जवळजवळ एक हजार. एक हजार वॅट-तास म्हणजे लाइट बिलावरचे एक युनिट.

घरात या एका युनिटाकडे कुणाचे लक्ष जात नाही. दोन किलोवॅटचा गीझर ते अर्ध्या तासात संपवतो. राहत्या गाडीत त्याच एका युनिटात गार पाणी, वारा, उजेड, बोलणे आणि लिहिणे असा अख्खा दिवस बसतो. अंथरूण पाहून पाय पसरावे, असे सांगितले जाते. इथे अंथरूण रोज सकाळी नव्याने मोजावे लागते, कारण त्याची लांबी आभाळावर ठरते. विजेचा हिशेब महिन्याच्या बिलावर पाहण्याची सवय असलेल्या माणसाला तो दिवसाच्या मापाने, कधी तासाच्या मापाने पाहावा लागतो. या व्यवस्थेत यंत्रांहून जास्त बदलते ते हे माप.

उन्हाचे मापही असेच ठरवून घेतलेले असते. दिवसभरात कमी-जास्त पडलेले सगळे ऊन एकत्र दाबून ते पूर्ण जोराचे, म्हणजे १००० वॅटचे, किती तास भरेल, या आकड्याला भर उन्हाचे तास म्हणता येईल. महाराष्ट्रात वर्षाची सरासरी पाच ते साडेपाच तास येते. ४०० वॅटच्या पॅनलला पाच तासांनी गुणले की २००० वॅट-तास. त्यातून उष्णता, धूळ, तारा, बॅटरीत जाताना-येताना होणारी गळती वजा करायची. हातात सत्तर टक्के राहतात असे धरले तर १४०० वॅट-तास. गरज एक हजाराची, कमाई चौदाशेची: हा सुखाचा संसार झाला. पण तो मार्चचा. आषाढात कोकणात दिवसचे दिवस झाकोळलेले असतात. भर उन्हाचा हिशेब एखाद्या तासावर आला की तेच पॅनल २८० वॅट-तास देते. फ्रीजचेही त्यात भागत नाही. म्हणून पॅनल किती वॅटचे घ्यावे याचे उत्तर गाडी कुठल्या महिन्यात कुठे नेणार, या प्रश्नात असते.

गाडीच्या टपावरचे पॅनल आडवे निजलेले असते. घराच्या गच्चीवर ते दक्षिणेकडे कलते ठेवतात. रोज तोंड फिरवणाऱ्या गाडीला दक्षिण अशी नाहीच. महाराष्ट्रात या निजण्याचा तोटा मोठा नाही. पुण्यात मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा तो दिवस शाळांतली मुले अंगणात काठी उभी करून पाहतात. त्या दिवशी टपावरचे आडवे पॅनल सूर्याला अगदी समोरासमोर असते. जुलैत मात्र मध्ये ढग येतात. डिसेंबरच्या अखेरीस पुण्याच्या माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे ४२ अंश कललेला असतो, तेव्हाही आडव्या पॅनलला समोरच्या उन्हाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग मिळतो. लेहला त्याच दिवसात निम्म्याहून थोडे जास्त, आणि जर्मनीच्या म्युनिकमध्ये एक तृतीयांशही नाही. युरोपातल्या गाड्यांवर पॅनल कलते करणारे पाय दिसतात, ते यामुळे. सह्याद्रीच्या अंगणात ते पाय लावण्याची गरज क्वचितच पडते.

ऊन जास्त तितकी वीज जास्त, ही समजूत मात्र अर्धीच खरी. पॅनलवर लिहिलेले वॅट हे सेलचे तापमान २५ अंश असतानाचे असतात. त्यावर चढणाऱ्या प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्का वीज घटते. नागपुरात मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर असते. पॅनल तिच्याहून वीस-पंचवीस अंश वर जाते. सत्तर अंशांना तापलेले २०० वॅटचे पॅनल १६८ वॅटांवर येते. पॅनलला ऊन हवे असते आणि वाराही. म्हणून ते पत्र्याला चिकटवण्याऐवजी दोन-तीन सेंटिमीटर वर उचलून बसवतात. खालून वारा वाहतो, पॅनल थोडे निवते, आणि टपाच्या तेवढ्या भागावर सावली पडून गाडीही आतून कमी तापते. विजेबरोबर मिळणारी ही सावली कुठल्या बिलात दिसत नाही.

बाजारात दोन जातींची पॅनल मिळतात. एक काचेचे, अॅल्युमिनिअमच्या चौकटीचे, कडक. २०० वॅटला दहा-बारा किलो भरणारे. दुसरे लवचिक, पातळ, दोन-चार किलोंचे, सरळ पत्र्यावर चिकटवायचे. दुसऱ्याचा मोह पडतो, कारण ते वाऱ्याला अडत नाही आणि खालून दिसतही नाही. पण पत्र्याला चिकटल्यामुळे त्याची उष्णता कुठे जात नाही. वरचे प्लास्टिक काही उन्हाळ्यांत पिवळे पडते, वाकवण्याने सेलना बारीक तडे जातात, आणि खराब झाल्यावर ते खरवडून काढावे लागते. कडक पॅनल जड आहे, पण पाच-सहा बोल्ट सोडले की ते निघते.

पॅनलमध्ये एकेक सेल जेमतेम अर्ध्या व्होल्टचा असतो. असे ३६ सेल माळेसारखे एकापुढे एक ओवले की सुमारे २० व्होल्ट मिळतात. माळेचा गुण आणि अवगुण एकच: प्रवाह सगळ्यांतून तोच वाहतो. घाटात एक ट्रक बंद पडला की मागची रांग उभी राहते, तसे एका सेलवर पडलेली कावळ्याची शीट किंवा पंख्याच्या डबीची सावली अख्ख्या माळेचा प्रवाह अडवते. अडलेला सेल तापतोही. यावर उपाय म्हणून पॅनलच्या मागच्या डबीत डायोड बसवलेले असतात. ते गावाबाहेरच्या बाह्यवळण रस्त्यासारखे काम करतात: अडलेला भाग टाळून प्रवाह पुढे नेतात. पण त्या भागातल्या सेलची वीज त्या वेळेपुरती गेलेलीच असते. म्हणून पॅनलची जागा आखताना टपावर मोजपट्टीबरोबर सावल्याही मोजाव्या लागतात. सकाळी आणि संध्याकाळी पंख्याची डबी, अँटेना, कॅरिअरचा कठडा यांच्या सावल्या कुठवर लांबतात ते खडूने टपावर आखून घेतले, तर पुढची पाच-दहा वर्षे तिथे वीज बुडत नाही.

बसवण्याच्या कामातला खरा शत्रू वारा आहे. गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने जात असताना समोरून येणाऱ्या हवेचा दाब चौरस मीटरला सुमारे ३० किलो असतो. १०० च्या वेगाला तो ४७ किलोंवर जातो, कारण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. निजलेल्या पॅनलला हा सगळा दाब झेलावा लागत नाही, पण हवा खाली शिरून ते उचलू पाहते, आणि समोरून भरधाव ट्रक गेला की एकाच क्षणात दोन्हीकडून धक्का बसतो. त्यात रस्त्याचे खड्डे. टपाचा पत्रा पातळ असतो. नुसत्या पत्र्यात स्क्रू पिळून जड पॅनल बसवणे धोक्याचे. बोल्ट टपाखालच्या आडव्या पट्ट्यांत घ्यावेत, किंवा आतून रुंद पट्टी देऊन ताण पसरवावा. गाडीवर मजबूत कॅरिअर असेल तर सगळ्यात सोपे: पॅनलची चौकट कॅरिअरच्या दांड्यांना कसायची, पत्र्याला छिद्रच पाडायचे नाही. नट नायलॉनचे कडे असलेले घेतले की धक्क्यांनी सैल होत नाहीत. तरीही पहिल्या शंभर किलोमीटरनंतर गाडी थांबवून प्रत्येक नटाला पाना लावून पाहणे, ही चांगल्या फिटरची खूण.

दुसरा शत्रू पाणी. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि टपावर पाडलेले प्रत्येक छिद्र हे त्या पावसाला दिलेले आमंत्रण असते. छिद्र पाडले की त्याची कडा घासून गुळगुळीत करायची, उघड्या लोखंडाला गंजरोधक रंग लावायचा, तो पूर्ण वाळू द्यायचा आणि मगच पॉलियुरेथेनचे सीलंट भरून बोल्ट बसवायचा. न्हाणीघरात वापरतात ते साधे सिलिकॉन इथे चालत नाही; गाडीच्या हादऱ्यांनी आणि उन्हाने ते सुटते. तार आत नेण्यासाठी वेगळी बंद डबी मिळते. तिचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला ठेवायचे आणि तार डबीत शिरण्याआधी तिला थोडा झोल द्यायचा, म्हणजे तारेवरून ओघळणारे थेंब झोलाच्या तळाशी येऊन गळून पडतात. टपावर उभ्या पन्हळी असतील तर छिद्र उंचवट्यावर घ्यावे, पन्हळीच्या तळाशी नाही. पाणी तळातूनच वाहते. सीलंट सुकल्यावर पाइपने अर्धा तास पाणी मारून आतून हात फिरवून पाहायचे. ही परीक्षा मे महिन्यात घेतली तर जूनमध्ये गादी भिजत नाही.

दोन पॅनल एकमेकांना कशी जोडायची, हा पुढचा निर्णय. समजा, प्रत्येकी २० व्होल्ट आणि १० अँपिअर आहेत. समांतर जोडली तर २० व्होल्ट आणि २० अँपिअर. एकसर, म्हणजे एकामागे एक, जोडली तर ४० व्होल्ट आणि १० अँपिअर. वॅट दोन्हीकडे ४०० च. पण तारेत जळणारी वीज प्रवाहाच्या वर्गाने वाढते. टपापासून कंट्रोलरपर्यंत जाऊन-येऊन दहा मीटर तार लागली, आणि ती चार चौरस मिलिमीटरची असली, तर समांतर जोडणीत सुमारे १८ वॅट तारेतच जातात; एकसर जोडणीत पाचाच्या आत. समांतर जोडणीचा फायदा वेगळा: एका पॅनलवर सावली आली तरी दुसऱ्याची कमाई सुखरूप राहते. उघड्या माळरानावर राहणाऱ्याने एकसर जोडावे, झाडांच्या गावात हिंडणाऱ्याने समांतर जोडून तार जाड घ्यावी.

पॅनल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर बसतो. तो नसेल तर बॅटरी गरजेपेक्षा जास्त भरून खराब होते. याचेही दोन प्रकार. पीडब्ल्यूएम स्वस्त असतो, पण तो पॅनलला बॅटरीच्या व्होल्टपर्यंत खाली ओढतो. २० व्होल्ट, १० अँपिअरचे पॅनल १३ व्होल्टवर आले की २०० वॅटांतले १३०च हाती येतात. एमपीपीटी कंट्रोलर पॅनलला त्याच्या सर्वांत सोयीच्या व्होल्टवर राबू देतो आणि जास्तीच्या व्होल्टचे अँपिअर करून बॅटरीला देतो. महाग असला तरी टपावरची जागा मोजकी असताना तोच परवडतो. जागा वाढवता येत नाही. गळती थांबवता येते.

मग बॅटरी. घरच्या इन्व्हर्टरला असते ती १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी कागदावर १८०० वॅट-तासांची भरते. पण निम्म्याहून खाली नेली तर लवकर म्हातारी होते. म्हणजे उपयोगाचे ९०० वॅट-तास, आणि वजन पन्नास किलोंच्या पुढे. लिथियम आयर्न फॉस्फेटची २०० अँपिअर-तासांची बॅटरी २५६० वॅट-तासांची असते, त्यांतले दोन हजारांहून जास्त बिनघोर वापरता येतात, आणि वजन वीस-पंचवीस किलो. एक युनिट रोजच्या हिशेबात ती दोन दिवस पुरते. दोन दिवस ढगाळ गेले तरी दिवा लागतो. तिसऱ्या दिवशी सूर्याला यावेच लागते.

लडाखला निघालेल्या गाडीला या बॅटरीचा एक स्वभाव ध्यानात ठेवावा लागतो. शून्य अंशाखाली गारठलेल्या लिथियम बॅटरीत वीज भरली तर ती कायमची बिघडते. चांगल्या बॅटरीतले संरक्षक सर्किट अशा वेळी भरणे थांबवते. पॅनलचे मात्र उलटे: थंडीत त्याचे व्होल्ट वाढतात. एकसर जोडलेल्या दोन पॅनलचे मोकळे, म्हणजे वीज घेतली जात नसतानाचे, व्होल्ट २५ अंशांना ४८ असतील, तर उणे २० अंशांच्या सकाळी ते ५४ च्या आसपास जातात. कंट्रोलर ५० व्होल्टपर्यंतचाच असेल तर तो त्या सकाळी जळतो. कडाक्याची थंडी आणि लख्ख ऊन एकत्र आले की टपावर सुगी असते आणि आतली कोठी बंद असते. बॅटरी गाडीच्या आत, माणसांच्या उबेत ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय.

जोडणीचा क्रम ठरलेला आहे. आधी कंट्रोलरला बॅटरी जोडायची, मग पॅनल. काढताना आधी पॅनल, मग बॅटरी. बॅटरीच्या धन टोकापासून शक्य तितक्या जवळ फ्यूज हवा, कारण तार कुठे घासून पत्र्याला लागली तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर ओतते आणि तार पेटते. तारा पत्र्यातून जातात तिथे रबराचे कडे घालायचे. टपावर काम करताना पॅनलवर जाड चादर पसरायची. पॅनलला बटण नसते. ऊन पडले की ते चालू, मग जोडणाऱ्याची तयारी असो वा नसो.

घरगुती मिक्सर किंवा लॅपटॉपचा चार्जर चालवायचा तर इन्व्हर्टर लागतो. तो नुसता चालू ठेवला तरी दहा-पंधरा वॅट खातो. दहा वॅट धरले तरी दिवसाचे २४० वॅट-तास, म्हणजे पंख्याच्या वाट्याइतके. म्हणून दिवे, पंखा, फ्रीज, पंप सरळ बारा व्होल्टचे घेतात आणि इन्व्हर्टरला कामापुरतेच उठवतात. एसी, गीझर, इंडक्शनची शेगडी ही या घरातली पाहुणी नव्हेत. त्यांच्या एका तासाला अख्ख्या दिवसाची कमाई लागते. स्वयंपाक गॅसवर करावा. पावसाळ्यासाठी गाडीच्या अल्टरनेटरवरून, मध्ये डीसी-डीसी चार्जर बसवून, बॅटरी भरण्याची सोय ठेवली की ढगाळ दिवसाचा प्रवासही थोडी वीज देऊन जातो.

एवढे सगळे नीट बसवले तरी रोजचा एक पेच उरतो. मराठी माणूस गाडी थांबवतो ती वडाखाली, आंब्याखाली, निदान चिंचेखाली. उन्हात गाडी उभी करणे हे अडाण्याचे लक्षण. टपावर पॅनल आले की सावलीला किंमत चिकटते. झाडाखाली गाडी गार राहते, पण वीज थांबते. उन्हात वीज येते, पण गाडी तापते, फ्रीज आणि पंखा जास्त खातात, आणि कमाईतला वाटा त्या तापण्यातच जातो. रुळलेले प्रवासी सकाळी गाडी उघड्यावर ठेवतात, बॅटरी भरत आली की दुपारी झाडाखाली घेतात. काही जण घडीचे एक पॅनल जवळ बाळगतात: गाडी सावलीत आणि पॅनल लांब तारेने उन्हात. त्यावर मग शेळ्यांची राखण करावी लागते. धुळीचेही तसेच. मराठवाड्याच्या कच्च्या रस्त्यावरून आलेल्या पॅनलवर मातीचा थर बसतो. पहाटे दव असताना ओल्या फडक्याने तो सहज निघतो. भर दुपारी तापल्या काचेवर गार पाणी ओतू नये, काच तडकते.

चैत्र-वैशाखात गच्चीवर जुनी साडी अंथरून पापड, कुरडया, सांडगे घालायचे आणि ते पावसाळ्यात तळायचे, ही ऊन साठवण्याची जुनीच युक्ती. टपावर चालते ते त्याच जातीचे काम. फरक मुदतीचा आहे. वाळवण वर्षभर टिकते. बॅटरीतले ऊन परवा संपते. वाळवणात जी दृष्टी लागते, म्हणजे आभाळाकडे पाहून दिवस ठरवणे, ढग आला की धावणे आणि आहे त्यात भागवणे, ती मात्र दोन्हीकडे एकच.

काम गाडीवर करायचे तर कायदाही वाचावा लागतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील जुळणार नाही, असा बदल मालकाला आपल्या मनाने करता येत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तरी गाडीची नोंद आणि तिच्यातले बदल हे शेवटी परिवहन कार्यालयाच्या टेबलावरच ठरतात. पत्र्याला ड्रिल लावण्याआधी तिथे विचारून, लेखी घेऊन ठेवलेले बरे. गाडीची वाढलेली उंची चालकासमोर एका चिठ्ठीवर लिहून लावावी. रेल्वेच्या पुलाखाली आणि कोकणातल्या वाकलेल्या फणसांखाली ती आठवावी लागते.

चांगल्या पॅनलवर पंचवीस वर्षांची हमी मिळते: तेवढ्या काळानंतरही ते मूळच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास वीज देईल, अशी. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांची असते. म्हणजे गाडी थकेल तेव्हा टपावरचे पॅनल अजून कामाचे असेल. ते बोल्टने कसलेले असेल, तर पाना लावून उतरवता येईल आणि गावाकडच्या घराच्या पत्र्यावर पुन्हा चढवता येईल. म्हणून पॅनल चिकटवू नये; कसावे.